खोलापुरे मास्तर आणि रिळाची दुसरी बाजू

खोलापुरे मास्तर गाणं म्हणताना स्वतः हसत नसत आणि दुसऱ्यालाही हसू देत नसत. त्यांची सगळी गाणी विनोदी होती, त्यामुळे ही अट पाळणं आम्हा तिघांना फार जड जाई. ध्वनिमुद्रण चालू असताना कुणाच्या नाकातून नुसता फुस्स आवाज आला तरी ते हात वर करत, मशीन बंद करायला लावत आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करत. आवाज चढवत नसत. एवढंच म्हणत, "हासाचं अशीन तं घरी जाऊन हासा. इथी काम चालू हाये."

नव्या राज्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मास्तर अकोल्यातल्या एका खासगी शाळेत गणित शिकवत. मी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. जुन्या शहरात हबीबभाई पिंजाऱ्यांचं गाद्यांचं दुकान होतं आणि दुकानाखाली तळघर होतं. तयार गाद्या, रजया आणि पिंजलेल्या कापसाची गाठोडी तिथं छतापर्यंत रचलेली असत. रस्त्यावरून भरलेली बैलगाडी गेली तरी खाली ऐकू येत नसे, आणि खाली बोललेला शब्द घुमत नसे. आमच्या दैनिकाच्या मालकांनी पुढाऱ्यांची भाषणं टिपण्यासाठी रिळांचा एक टेपरेकॉर्डर घेतला होता. तो भरलेल्या ट्रंकेएवढा जड होता. तो मला चालवता येई, म्हणून रविवारी घरी न्यायची परवानगीही मलाच होती. तो माझ्या घरी न जाता हबीबभाईंच्या तळघरात जातो, हे मालकांना ठाऊक नव्हतं.

वाद्यं दोन. पोस्टातला कारकून वसंता पेटी वाजवी. हबीबभाई पिंजण वाजवत. कापूस पिंजायची ती मोठी कमान ते छताच्या कडीला टांगत आणि तिच्या तातीवर लाकडी ठोकळा मारत. धुंग, धुंग असा खर्जाचा आवाज निघे आणि वरचा कापसाचा पुंजका खाली वसंताच्या डोक्यावर पडे. तबल्याची कधी गरज पडली नाही. मी मशीन सांभाळत असे. झांज हाती दिली तर तीही वाजवत असे, पण बहुतेक दिली जात नसे.

मास्तर तेव्हा पस्तिशीचे होते. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, पांढरा सदरा. उन्हाळ्याचे चार महिने सदऱ्याच्या खिशात कांदा असे. लू लागू नये म्हणून वऱ्हाडात पुष्कळ लोक कांदा जवळ बाळगतात. मास्तर तो वर्गातही बाळगत. पोरं मागे त्यांना कांदेमास्तर म्हणत. एकदा ते वर्गात आले तेव्हा फळ्यावर कुणी तरी भला मोठा कांदा काढून ठेवला होता. मास्तरांनी तो पुसला नाही. "कोनं काढला ते नाई इचारत," ते म्हणाले, "पन हा गोल नाई निघाला." त्यांनी दोऱ्याला खडू बांधला, नीट वर्तुळ काढलं, त्रिज्या लिहिली आणि सगळ्या वर्गाला कांद्याचं क्षेत्रफळ काढायला लावलं. नंतर ते चित्र फळ्यावर पुन्हा आलं नाही.

दुसरी एक गोष्ट मला त्यांच्या शाळेतल्या एका शिक्षकानं सांगितली. सहामाही परीक्षेत मास्तरांनी काढलेल्या पेपरातला एक प्रश्न चुकला होता. पेपर सुरू झाल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. मुख्याध्यापक म्हणाले, गप्प बसा, तपासताना सगळ्यांना गुण देऊन टाकू. मास्तर सातही खोल्यांत गेले आणि प्रत्येक खोलीत उभं राहून म्हणाले, "तिसरा प्रश्न सुटत नाई. चूक माही हाये. तुमी त्याच्या नादी लागू नका." मुख्याध्यापकांना हे रुचलं नाही. शिक्षकानं चुकीची जाहिरात करत फिरू नये, असं त्यांचं मत होतं.

गाणी ते जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर लिहून आणत. अक्षर वळणदार, समास सोडलेला. अकोल्याच्या उन्हाळ्यावर त्यांचं एक गाणं होतं. त्यात सूर्यच इथल्या उन्हाला कंटाळून थंड हवेच्या चिखलदऱ्याला बदली मागतो, आणि वरून उत्तर येतं की तुमच्या जागी यायला कुणी तयार नाही. वसंताच्या पोस्टावर एक होतं, माझ्या दैनिकातल्या छपाईच्या चुकांवर एक होतं. माझ्यावरचं गाणं त्यांनी मला आधी वाचून दाखवलं, काही बोलायचं असेल तर बोला म्हणाले, आणि मग म्हटलं. वसंताचंही तसंच. तेव्हा मला ती नुसती रीतभात वाटली.

वसंताची एक खोड होती. पेटी हातात आली की सुरुवातीचे सूर तो लांबवत राही. मास्तर ताटकळत उभे असत. "वसंता, गानं म्हनाचं हाये का तुही पेटीच आयकाची हाये?" असं ते विचारत, आणि वसंता "झालंच मास्तर, झालंच" म्हणत आणखी एक फेरा घेई.

मास्तरांच्या नोकरीची स्थिती इथं सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. ते चार वर्षं टेम्पररी होते. दर एप्रिलच्या शेवटी संस्थेचं पत्र येई की आपणास सेवामुक्त करण्यात येत आहे. दर जूनमध्ये शाळेचा शिपाई नव्या नेमणुकीचं पत्र घेऊन घरी येई. मधले दोन महिने घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे, असं मास्तरांच्या बायको सुमनवहिनी एकदा म्हणाल्या होत्या. दोन मुली होत्या. गावी दर्यापूर तालुक्यात म्हातारे वडील, थोडी जमीन, आणि ती कसणारा थोरला भाऊ. त्या वर्षी मार्चअखेरच्या बैठकीत मास्तरांना कायम करण्याचा विषय घेतला जाईल, असं संस्थेच्या सेक्रेटरींनी स्वतः सांगितलं होतं.

सेक्रेटरी आबासाहेब हे अकोल्यातले जुने वकील. सचोटीचा माणूस, संस्थेची पै इकडची तिकडे होऊ दिली नाही, असं त्यांचे विरोधकही म्हणत. त्यांना कशालाही हो किंवा नाही म्हणता येत नसे. ते 'पाहू' म्हणत. खिडक्यांना काचा बसवायच्या आहेत, पाहू. मुलींसाठी वेगळी खोली हवी, पाहू. मास्तरांना त्यांनी चार वर्षं पाहू म्हटलं होतं.

मार्चच्या मध्यावर मास्तरांनी 'पाहू' या नावाचं गाणं आणलं. हे त्यांनी ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचून दाखवलेलं नव्हतं. त्याचा पहिला चरण असा होता:

शाळेले छप्पर नाई म्हन्लं, पाहू म्हने,
पोरायले खडू नाई म्हन्लं, पाहू म्हने,
घडी बंद पडली, वाजले किती?
मिटिंगीत घेऊ म्हने, पाहू म्हने.

त्या रविवारी सबंध दुपार गेली. वसंता दुसऱ्या चरणाला फुटे. हबीबभाईंनी तोंडात उपरण्याचा बोळा धरला, तरी त्यांचे खांदे हलत आणि त्याबरोबर पिंजण हले. मास्तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करत. शेवटी एकदा पेटीच्या पहिल्या सुरापासून शेवटच्या धुंगपर्यंत सगळं निर्दोष उतरलं. मशीन बंद केल्यावर आम्ही तिघं गाद्यांवर आडवे होऊन हसलो. मास्तर पाणी प्यायले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याच संस्थेचा वार्षिक समारंभ होता आणि आबासाहेबांचं भाषण मला टिपायचं होतं. ऑफिसात रिळं दोनच. एकावर एका मंत्र्यांचं भाषण होतं, ते मालकांना ठेवायचं होतं. दुसऱ्याची एक बाजू कोरी होती आणि दुसऱ्या बाजूवर 'पाहू' होतं. त्या मशीनची फीत अर्ध्या रुंदीवर एक आणि उरलेल्या अर्ध्या रुंदीवर दुसरं, असं मुद्रण घेई. रीळ उलटून लावलं की दुसरी बाजू ऐकू येई. मी मास्तरांना म्हणालो, गाणं पुसून टाकतो.

"नका पुसू," मास्तर म्हणाले. "असं निर्दोष पुन्हा व्हनार नाई."

"भाषण कुणाचं आहे, माहीत आहे ना?"

"येक बाजू कोरी हाये ना? तिच्यावर घ्या. दुसरी बाजू कोन उलटून पाह्यते?"

हबीबभाई म्हणाले, "मास्टर, सांप के बिल में हात घालून राह्यले तुमी." मास्तरांनी ऐकलं नाही. मीही आग्रह धरला नाही. ते मुद्रण मलाही पुसवत नव्हतं.

समारंभ झाला, भाषण टिपलं. रिळाच्या आणि फीत गुंडाळून घेणाऱ्या रिकाम्या रिळाच्याही दोन्ही अंगांना मी पेन्सिलीनं आकडे घातलेले होते, भाषणाच्या बाजूला एक, गाण्याच्या बाजूला दोन. गुरुवारी मला एका सभेच्या बातमीसाठी अमरावतीला जावं लागलं. शनिवारी दुपारच्या गाडीनं परतलो तेव्हा ऑफिसातल्या कपाटात मशीन नव्हतं आणि ते रीळही नव्हतं. मालक म्हणाले, "आबासाहेबांच्या आईंना समारंभाला येता आलं नाही. त्यांना भाषण ऐकायचं होतं. शुक्रवारी त्यांचा कारकून पांडुरंग येऊन घेऊन गेला. कसं लावायचं ते मी दाखवलं त्याला."

"गुंडाळायचं कसं तेही दाखवलंत?"

"ते त्याला समजेल की."

रीळ पूर्ण वाजलं की फीत डावीकडून उजवीकडे जाते. पुन्हा ऐकायचं तर ती मशीननं उलटी गुंडाळून घ्यावी लागते. ज्याला हे ठाऊक नाही, तो भरलेलं रीळ उचलून, उलटं करून, डावीकडे लावतो. मग दुसरी बाजू वाजते. गाणं त्या बाजूच्या आरंभालाच होतं. बैठक सहा दिवसांवर आली होती.

त्याच संध्याकाळी चौघं तळघरात जमलो. मी जे झालं ते सांगितलं. मास्तर गादीच्या गठ्ठ्याला टेकून उभे होते, ते तसेच राहिले.

हबीबभाई म्हणाले, "मी जातो. त्याईच्या घरच्या गाद्या पिंजाच्या हायेत, दिवाळीपासून सांगून राह्यले. सुबह जातो, मशीन पाहातो म्हणतो, रील काखेत मारतो."

"आणि मशीन रिकामं दिसल्यावर?" मी विचारलं.

"मंग तुमी पेपरात छापा, चोरी झाली म्हणून."

वसंता म्हणाला, "आवाज माहा होता म्हनून सांगू. मी पोस्टात हाये, माहं काय वाकडं करीन तो?"

"तुहा आवाज?" हबीबभाई म्हणाले. "तू गायला तं म्हशी दूध आटवतेत, सारा अकोला जानते."

कुणी हसलं नाही. मी सुचवलं की मी सकाळी मशीन परत न्यायला म्हणून जाईन आणि रीळ घेऊन येईन. ऐकलं नसेल तर प्रश्नच मिटला, आणि ऐकलं असेल तर त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल. हे तिघांनाही बरं वाटलं. मास्तर म्हणाले, "मीबी येतो."

"तुमी काहून?" वसंतानं विचारलं.

तेव्हा मास्तरांनी वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील गावात पोळ्याच्या झडत्या म्हणत. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे असतात आणि गावातला एखादा माणूस पुढे होऊन यमकं जुळवून मोठमोठ्यांची खोडी काढतो; त्याला झडती म्हणतात. एका वर्षी त्यांनी गावच्या देशमुखावर झडती रचली. देशमुखानं शेतांकडे जायची गावाची पाणंद नांगरून आपल्या वावरात घातली होती. देशमुखाचीच जमीन वडील वाट्यानं करत होते, म्हणून घरच्यांनी त्यांचे पाय धरले, देशमुख तोरणाशी यायच्या आधी म्हणून टाका म्हणाले. वडील थांबले. देशमुख येऊन उभा राहीपर्यंत बैलही तिष्ठत ठेवले. मग म्हटली.

"बाबा म्हनत, पाठीमागं म्हन्ली तं ते चुगली," मास्तर म्हणाले. "मी हे गानं तळघरात म्हनलं. तवाच चुकलं."

"फिर क्या हुआ? देशमुखानं जमीन काढली का?" हबीबभाईंनी विचारलं.

"काढली," मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही दोघं आबासाहेबांकडे गेलो. वाटेत मास्तर एवढंच म्हणाले, "सुमनले काई सांगतलं नाई." आबासाहेब ओसरीवर कागद चाळत बसले होते. आतल्या दाराशी बाजेवर त्यांच्या आई बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मशीन कोपऱ्यात तिवईवर होतं.

"या मास्तर. रविवारीही शाळा भरवली की काय?" आबासाहेब म्हणाले. मला म्हणाले, "तुमच्या यंत्रानं छान काम केलं. आईनं पूर्ण ऐकलं."

"लय लांब होतं," आजी बाजेवरून म्हणाल्या.

आबासाहेबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. वकिली केलेला माणूस, असतं तरी दिसलं नसतं. मी मशीनजवळ गेलो. भरलेलं रीळ डावीकडे होतं आणि त्याच्या वरच्या अंगावर पेन्सिलीचा आकडा दोन होता. ते उलटलं गेलं होतं. उजव्या रिळावर फितीचे थोडेच वेढे होते. तेवढ्यात गाणं सुरू झालं होतं की नव्हतं, हे नजरेनं सांगता येत नव्हतं. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना खूण करावी अशी जागाही नव्हती.

"घेऊन जा तुमचं यंत्र," आबासाहेब म्हणाले. "चहा घेऊन जा."

मी रीळ काढून पिशवीत टाकलं आणि झाकण लावलं. काम झालं होतं. मास्तरांनी चहा घ्यायचा आणि नमस्कार करायचा, एवढंच उरलं होतं.

"साहेब," मास्तर म्हणाले, "त्या रिळाच्या दुसऱ्या बाजूला माझं एक गाणं आहे. तुमच्यावर आहे. तुम्हाला न सांगता म्हटलं, ते चुकलं. आता सांगतो."

आबासाहेबांनी कागद खाली ठेवले. "माझ्यावर?"

"हो. ऐकता का?"

आबासाहेब सवयीनं म्हणाले, "पाहू."

मास्तरांनी ते होकारार्थी धरलं की काय, मला सांगता येणार नाही. ते उभे राहिले, हात मागे बांधले आणि पेटीशिवाय, पिंजणीशिवाय गाणं म्हणायला लागले. आवाज तळघरातल्याइतकाच सरळ होता. तीन चरण होते. शेवटचा असा:

यम आला न्यायले, दारात हुभा,
म्हने चला साहेब, रेडा हाये हुभा,
साहेब म्हने, अर्ज ठेवून जाय,
मिटिंगीत घेऊ म्हने, पाहू म्हने.

आबासाहेबांनी सगळं ऐकलं. पहिल्या दोन चरणांत त्यांच्या चेहऱ्यावर राग असा दिसला नाही. तिसऱ्या चरणाच्या शेवटी ते काही तरी बोलण्याच्या बेतात होते असं मला आजही वाटतं. त्याच क्षणी बाजेवर आजी हसल्या. बोळक्या तोंडानं, पदर तोंडाशी धरून, थांबता येईना इतक्या हसल्या. "बरोबर म्हन्ते मास्तर," त्या म्हणाल्या. "याचा बापबी असाच होता. माह्या पाटल्या करा म्हन्लं, पाहू म्हने, अन् गेला!"

ओसरीच्या दाराशी पांडुरंग चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्यानं मान खाली घातली, पण हसू दिसलं. आबासाहेबांनी ते पाहिलं.

"किती जणांनी ऐकलंय हे?" त्यांनी विचारलं.

"चौघांनी," मास्तर म्हणाले.

"आता सात," आबासाहेब म्हणाले. "चहा घ्या."

आम्ही चहा घेतला. बाहेर रस्त्यावर आल्यावर मास्तर म्हणाले, "पेपरवाले, आता ते बाजू पुसा." मी त्याच दिवशी पुसली. त्या गाण्याची प्रत आता कुठंही नाही. वरच्या ओळी मी आठवणीतून लिहिल्या आहेत, एखादा शब्द इकडेतिकडे झाला असेल.

मार्चअखेरच्या बैठकीत विषय निघाला नाही. एप्रिलमध्ये सेवामुक्तीचं पत्र आलं, ते दर वर्षी येईच. जूनमध्ये शाळेचा शिपाई पत्रं घेऊन निघाला. टेम्पररी शिक्षक पाच होते. पहिल्या दिवशी तिघांना पत्रं मिळाली, दुसऱ्या दिवशी चौथ्याला. सुमनवहिनी दोन्ही दिवस दारात होत्या. तिसऱ्या दिवशी शिपाई सायकलवरून त्यांच्या गल्लीतून गेला. त्यांनी त्याला हाक मारली. तो उतरला नाही, नुसती मान हलवली. आबासाहेबांनी आमच्या मालकांना सांगितलं की गाण्याचा याच्याशी काही संबंध नाही, गणिताला जास्त शिकलेला माणूस मिळाला. तो मिळाला होता, हेही खरं. मी चौकशी केली होती.

जुलैत मास्तर दर्यापूरच्या पुढं एका गावच्या शाळेत लागले, पुन्हा टेम्पररी. वसंताची बाळापूरला बदली झाली. तळघरात गाद्या राहिल्या.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी पांडुरंग मला कोर्टाच्या आवारात भेटला. आबासाहेबांनी काम कमी केलं होतं, तो दुसऱ्या वकिलाकडे होता. बोलता बोलता मी त्याला त्या शुक्रवारबद्दल विचारलं. तो म्हणाला, आजींनी भाषण पुन्हा लावायला सांगितलं. त्यानं रिळं उलटून, अदलाबदल करून लावली. भाषणाच्या जागी पेटी वाजायला लागली. बराच वेळ नुसती पेटीच वाजत राहिली. आबासाहेब म्हणाले, यंत्र बिघडलं, बंद कर. त्यानं बंद केलं. एक शब्दही ऐकला नव्हता.

ही माहिती मी कुणाला सांगितली नाही. हबीबभाईंनाही नाही.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर, त्याच वर्षी, पावसाळा संपता संपता, भर दुपारी. थोरल्या मुलीला कॉलेजच्या वसतिगृहात पोचवून ते आणि सुमनवहिनी परत निघाले होते. मास्तर आणखी वाकले होते. नोकरीचं विचारलं तेव्हा म्हणाले, "मागच्या साली कायम केलं. संस्था लहान हाये, तिथी पाहू म्हनाले कोनी नाई." वहिनी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझी, घरच्यांची चौकशी केली. गाडीला वेळ होता.

मास्तर मधेच म्हणाले, "पेपरवाले, येक इचारू? आबासाहेबानं त्या दिवशी आधी आयकलं होतं का हो? तुमाले कधी समजलं का?"

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. मी पांडुरंगनं जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे पेटीच आयकली. शब्द नाई?"

"एकही नाही."

मास्तर ताठ झाले. "मंग पह्यल्यांदा माह्याच तोंडून आयकलं त्यानं," ते म्हणाले. "इतके साल मले वाटून राह्यलं होतं का, चोर सापडल्यावर कबूल झाला तशातलं ते होतं. आयकलंस का सुमन? त्याले काईच माईत नव्हतं!" त्यांच्या चेहऱ्यावर इतका उघड आनंद मी कधी पाहिला नव्हता.

वहिनी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. "म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "हे त्या दिवशी गुमान चहा पिऊन आले असते, तं आमी आज अकोल्यातच असतो."

तो प्रश्न होता की नाही, मला कळलं नाही. मी हो म्हणालो.

दर्यापूरची गाडी लागली. मास्तरांनी माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि ते चढले, मागून वहिनी चढल्या. खिडकीतून दोघं दिसत होती. मास्तर त्यांच्याकडे वळून काही तरी सांगत होते, हात हलवून, बहुधा तो सगळा प्रसंग पहिल्यापासून. वहिनींनी मांडीवरची पिशवी उचलून दोघांच्या मधे ठेवली आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिल्या. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हाही मास्तर बोलतच होते.